लिनक्सवर कॅमेरा दिसत नसेल तर वायरीपासून सुरुवात करा

कॅमेरा जोडला आणि पडद्यावर काहीच उमटलं नाही, की लोक आधी लिनक्सवर चिडतात आणि मग कार्ड फॉरमॅट करायला निघतात. फॉरमॅट कृपा करून करू नका. फोटो बहुतेक वेळा कार्डात सुखरूप असतात. अडलेली असते ती कार्डापासून पडद्यापर्यंतची वाट, आणि ती नेमकी कुठे अडलीये हे लिनक्स स्वतःच सांगतं. फक्त विचारायचं कुठे, ते ठाऊक हवं.

माझं वेंगुर्ल्यात फोटोचं दुकान आहे. पासपोर्ट फोटो, लग्नं, बारशी, आणि कार्तिक लागला की गावोगावच्या जत्रांमधली दशावतारी नाटकं. दुकानातल्या डेस्कटॉपवर लिनक्स मिंट आहे आणि घरच्या लॅपटॉपवर डेबियन, ही दोन्ही लिनक्सचीच रूपं. रात्रभर दहीकाला, म्हणजे जत्रेतलं हे दशावतारी नाटक, टिपून पहाटे परतलेली मुलं थेट दुकानात येतात, नाहीतर शिरोड्याहून, कुडाळहून फोन करतात: "काकी, कॅमेरो लावलंय, पण कायच दिसना नाय." फोनवर मी त्यांना ज्या क्रमाने तपासायला सांगते तोच क्रम इथे लिहितेय. मधली पायरी गाळून पुढे उडी मारली की माणूस सॉफ्टवेअर काढत-घालत बसतो आणि दोष निघतो केबलमध्ये.

आदेशांबद्दल एक सूचना. टर्मिनलमध्ये, म्हणजे आदेश लिहायच्या खिडकीत, ते इंग्रजी छोट्या अक्षरांत टंकायचे असतात. मी फोनवर सांगते तसे, कुठे अक्षरं सुटी करून तर कुठे उच्चाराने दिलेत. "दोन रेघा" म्हटलं की वजाबाकीचं चिन्ह दोनदा, मध्ये जागा न सोडता.

आधी कॅमेऱ्याचं बघा

कॅमेरा चालू आहे ना आणि बॅटरीत जीव आहे ना, हे पाहून घ्या. बरेच कॅमेरे काही मिनिटं हात लागला नाही की आपोआप झोपतात आणि झोपले की संगणकावरूनही नाहीसे होतात. फोटो उतरवायला बसण्यापूर्वी मेनूत जाऊन ही आपोआप बंद होण्याची वेळ वाढवून ठेवा.

कॅननच्या वाय-फाय असलेल्या बऱ्याच ईओएस कॅमेऱ्यांत एक अट असते. वाय-फाय चालू असेल तर केबलवरून संगणकाशी जोडणी होतच नाही. लग्नाच्या हॉलमध्ये कुणीतरी मोबाइलवर फोटो घेण्यासाठी वाय-फाय चालू केलेलं असतं आणि ते तसंच राहतं. मेनूतून ते बंद करा, कॅमेरा बंद करून पुन्हा चालू करा. माझ्याकडे येणाऱ्या कॅननवाल्यांना मी हाच प्रश्न सगळ्यात आधी विचारते. कॅननच्या छोट्या पॉवरशॉट कॅमेऱ्यांत फोटो पाहायचं, त्रिकोणाची खूण असलेलं बटण दाबून पाहा. काही कॅमेरे फोटो काढायच्या स्थितीत असताना संगणकाशी बोलत नाहीत.

सोनीच्या मेनूत "यूएसबी कनेक्शन" नावाची ओळ असते आणि तिच्यात ऑटो, मास स्टोरेज, एमटीपी, पीसी रिमोट असे पर्याय. नुसते फोटो उतरवायचे असतील तर मास स्टोरेज निवडा. मग कॅमेरा पेन ड्राइव्हसारखा उघडतो आणि पुढची निम्मी कटकट वाचते. पीसी रिमोटवर असेल तर तो संगणकाकडून शटर दाबून घ्यायच्या तयारीत बसलेला असतो. निकॉनच्या डी७०, डी८० अशा जुन्या कॅमेऱ्यांतही सेटअप मेनूत मास स्टोरेज आणि पीटीपी यांतलं एक निवडता येतं. पुढच्या मॉडेलांतून ही निवड गेली आणि फक्त एमटीपी-पीटीपी उरलं. या दोन शब्दांकडे पुढे वळूच, कारण खरा घोळ तिथेच होतो.

वायर आणि खारा वारा

यूएसबी २ च्या केबलमध्ये कामाच्या तारा चार: दोन विजेच्या, दोन माहितीच्या. बाजारात मिळणाऱ्या काही स्वस्त केबल फक्त चार्जिंगच्या असतात, त्यांत माहितीच्या तारा नसतातच. अशी केबल लावली तर काही कॅमेरे चार्जिंगचा दिवा लावतील, पण संगणकाला पत्ताही लागणार नाही. ओळखायचा सोपा उपाय म्हणजे तीच केबल अशा एखाद्या वस्तूला लावून पाहा जी संगणकावर नक्की उघडते. त्या वस्तूचीही ओळख पटली नाही तर केबल बाजूला टाका. तोंडाचा आकारही बघा. कॅननच्या बऱ्याच जुन्या एसएलआरना मिनी यूएसबी लागतं, मोबाइलचं मायक्रो नाही. निकॉनच्या अनेक कूलपिक्स कॅमेऱ्यांची आठ पिनांची वेगळीच केबल असते. जोर लावून कोणतंच तोंड बसवू नका, कॅमेऱ्यातलं पोर्ट थेट मुख्य बोर्डावर जोडलेलं असतं आणि ते निखळलं तर दुरुस्ती महाग पडते.

डेस्कटॉप असेल तर पुढच्या पोर्टऐवजी मागच्या पोर्टात लावा. पुढचं पोर्ट डब्याच्या आतल्या एका लांब तारेने बोर्डाला जोडलेलं असतं आणि ती तार सैल असण्याची शक्यता बरीच. मागची पोर्टं बोर्डावरच असतात. हब मध्ये असेल तर काढा. जुना कॅमेरा निळ्या, म्हणजे यूएसबी ३ च्या पोर्टात हट्ट करत असेल तर काळ्या पोर्टात लावून पाहा.

आता आपल्या किनाऱ्याचं. समुद्राकडून येणाऱ्या वाऱ्यात मिठाचे बारीक कण असतात. मीठ हवेतला ओलावा ओढून धरतं, आणि धातूवर मीठ-पाण्याचा थर बसला की गंज आलाच. वेंगुर्ला बंदरावर, निवतीला, मालवणात किल्ल्यासमोर संध्याकाळचे फोटो काढणाऱ्यांच्या कॅमेऱ्यांत मी हे नेहमी पाहते: पोर्टाच्या रबरी झाकणाखाली हिरवट-पांढुरकी बुरशीसारखी भुकटी. ही तांब्याची गंज. अशा पोर्टात केबल घट्ट बसते, पण वीज आणि माहिती नीट वाहत नाही. कॅमेरा क्षणभर दिसतो आणि लगेच जातो.

साफ करायचं ते आयसोप्रोपिल अल्कोहोलने, मोबाइल दुरुस्तीच्या दुकानांत ते मिळतं. आधी बॅटरी काढा. मऊ, तंतू न सोडणारं कापड किंवा बारीक मऊ ब्रश किंचित ओला करून केबलच्या तोंडावरून आणि पोर्टाच्या कडेने फिरवा, पूर्ण सुकू द्या, मगच बॅटरी घाला. पोर्टात सुई घालून खरवडू नका, आतल्या पट्ट्या फार नाजूक असतात. तोंडाने फुंकरही मारू नका, फुंकरीत ओलावा असतो. पॉलिश पेपरने घासलं तर पट्ट्यांवरचा मुलामा निघून जातो आणि पुढचा गंज आणखी लवकर येतो. समुद्रावरून आल्यावर कॅमेरा कोरड्या कपड्याने पुसायचा आणि पोर्टाचं झाकण कधी उघडं ठेवायचं नाही, ही सवय लागली तर साफसफाईची पाळी क्वचित येते.

संगणकाला विचारा

आता टर्मिनल उघडा. कॅमेरा न जोडता लिहा: एल, एस, यू, एस, बी, सलग पाच अक्षरं. एंटर मारा. यूएसबीवर जे जे जोडलंय त्याची यादी येईल. मग कॅमेरा जोडा, चालू करा, आणि तोच आदेश पुन्हा द्या. यादीत एक ओळ वाढली पाहिजे. प्रत्येक ओळीत कंपनीचा चार अक्षरांचा क्रमांक असतो: ०४ए९ म्हणजे कॅनन, ०४बी० म्हणजे निकॉन, ०५४सी म्हणजे सोनी, ०४सीबी म्हणजे फुजीफिल्म.

सगळा शोध या एका ओळीपाशी दोन वाटांना फुटतो. ओळ वाढली आणि टिकून राहिली तर केबल, पोर्ट, बॅटरी सगळं ठीक आहे, आता त्यांच्यामागे लागू नका. दोष वरच्या सॉफ्टवेअरमध्ये आहे. ओळ वाढली नाही तर कोणतंही सॉफ्टवेअर टाकून उपयोग नाही, कारण कॅमेरा संगणकापर्यंत पोचलेलाच नाही.

ओळ वाढली नसेल तेव्हा कर्नलची, म्हणजे लिनक्सच्या गाभ्याची, नोंदवही उघडून ठेवा. आदेश: एस-यू-डी-ओ (सुडो, म्हणजे संगणकाच्या मुख्य खात्याच्या अधिकाराने), जागा, डी-एम-ई-एस-जी, जागा, एक रेघ आणि डब्ल्यू. पासवर्ड मागेल, तो टंकताना पडद्यावर काही दिसत नाही, ते बरोबर आहे. आता केबल काढून पुन्हा लावा आणि नव्याने येणाऱ्या ओळी वाचा. "न्यू हाय-स्पीड यूएसबी डिव्हाइस" असं आलं आणि पुढे कंपनीचा क्रमांक आला तर जोडणी झाली. "डिव्हाइस डिस्क्रिप्टर रीड" आणि शेवटी "एरर -७१" किंवा "-११०" असं येत असेल तर तारेतलं बोलणं मध्येच तुटतंय: केबल बदला, पोर्ट बदला, पट्ट्या साफ करा. -७१ म्हणजे संदेश बिघडून आला, -११० म्हणजे वाट पाहून वेळ संपली. "ओव्हर-करंट" शब्द दिसला तर त्या पोर्टात काहीच लावू नका, आत कुठेतरी पट्ट्या एकमेकींना चिकटल्यात. आणि केबल लावूनही एकही नवी ओळ आली नाही, तर बहुतेक केबल चार्जिंगची आहे, कॅमेरा बंद आहे किंवा कॅननचं ते वाय-फाय चालू आहे.

कधी कॅमेरा नीट जोडला जातो आणि थोड्या वेळाने "यूएसबी डिस्कनेक्ट" अशी ओळ येते. लॅपटॉपवर वीज वाचवणारी टीएलपीसारखी व्यवस्था असेल तर ती यूएसबीला झोपवत असू शकते. चार्जर लावून बघा, आणि टीएलपीच्या सेटिंगमध्ये यूएसबी ऑटोसस्पेंड बंद करून बघा. डेस्कटॉपवर असं झालं तर मी पुन्हा केबलवरच संशय घेते.

दिसतो, पण उघडत नाही

इथे पीटीपी समजून घेतलं पाहिजे. मास स्टोरेजमध्ये कॅमेरा आपलं कार्ड संगणकाच्या हवाली करतो: हे घे, काय वाचायचं ते वाच. पीटीपीमध्ये, म्हणजे पिक्चर ट्रान्सफर प्रोटोकॉलमध्ये, कार्ड कॅमेऱ्याच्याच ताब्यात राहतं. संगणक मागतो, कॅमेरा एकेक फोटो काढून देतो. एमटीपी हे त्याच पीटीपीवर बेतलेलं, अँड्रॉइड फोन वापरतात ते.

यातून दोन गोष्टी निघतात. पहिली, पीटीपीचा कॅमेरा डिस्कांची यादी देणाऱ्या एल-एस-बी-एल-के या आदेशाच्या यादीत डिस्क म्हणून कधीच दिसणार नाही. पुष्कळ जण तिथे शोधतात, सापडला नाही म्हणून घाबरतात. घाबरू नका, तो तिथे नसणंच बरोबर आहे. दुसरी, आणि त्रास देणारी: पीटीपीमध्ये कॅमेरा एका वेळी एकाच प्रोग्रामशी बोलतो.

लिनक्सवर हे बोलणं लिबजीफोटो२ नावाची लायब्ररी, म्हणजे अनेक प्रोग्राम मिळून वापरतात तो भाग, करते. शॉटवेल, डिजीकॅम हे फोटोंचे प्रोग्राम, टर्मिनलमधला जीफोटो२ आणि तुमचा फाइल मॅनेजर, सगळे तिच्यामार्फतच कॅमेऱ्यापाशी जातात. फाइल मॅनेजरला कॅमेरा दाखवणारा मधला कारभारी म्हणजे जीव्हीएफएस. मिंट, उबुंटूच्या नेहमीच्या मांडणीत तो आधीपासून असतो. पण एक्सएफसीई, एलएक्सडीई अशा हलक्या मांडणीवर किंवा मोजकंच सॉफ्टवेअर टाकून बसवलेल्या डेबियनवर तो नसू शकतो. मग एलएसयूएसबीत कॅमेरा दिसतो आणि फाइल मॅनेजरमध्ये त्याचा मागमूस नसतो. जुन्या संगणकात जीव आणायला हलकं लिनक्स घातलेलं असतं तिथे बहुतेक वेळा हेच निघतं. उपाय, मिंट-डेबियनवर सॉफ्टवेअर बसवायचा आदेश: सुडो एपीटी इन्स्टॉल जीव्हीएफएस-बॅकएंड्स. मग एकदा लॉगआउट करून परत या. फेडोरा आणि आर्चवर पॅकेजचं नाव जीव्हीएफएस-जीफोटो२ आहे.

आता मुख्य चाचणी. सुडो एपीटी इन्स्टॉल जीफोटो२ करून घ्या. नाव टंकताना जी, पी, एच, ओ, टी, ओ आणि लगेच इंग्रजी आकडा २. मग कॅमेरा जोडून लिहा: जीफोटो२, जागा, दोन रेघा, ऑटो, एक रेघ, डिटेक्ट. डावीकडे मॉडेलचं नाव आणि उजवीकडे पोर्ट आलं की लायब्ररीने कॅमेरा ओळखला. मॉडेलऐवजी "यूएसबी पीटीपी क्लास कॅमेरा" असं आलं तर लायब्ररीच्या यादीत तुमचं मॉडेल नावाने नाही, पण पीटीपीचा सर्वसाधारण प्रकार म्हणून ती त्याच्याशी बोलेल. फोटो उतरवायला तेवढं पुरतं. कॅमेरा अगदी नवा आणि लिनक्स जुनं असेल तेव्हा असं होतं.

पुढे लिहा: जीफोटो२, जागा, दोन रेघा, समरी. कॅमेऱ्याची माहिती आली तर वाट मोकळी. "कुड नॉट क्लेम द यूएसबी डिव्हाइस" असं आलं, आणि सोबत "रिसोर्स बिझी" किंवा -५३ हा आकडा, तर कॅमेऱ्याला दुसऱ्या कुणीतरी धरून ठेवलंय. तो दुसरा जवळजवळ नेहमी जीव्हीएफएसच. कॅमेरा लावल्याबरोबर फाइल मॅनेजरची खिडकी उघडली, तेव्हाच त्याने ताबा घेतला. संदेशाच्या मजकुरात बऱ्याचदा त्याचं नावही दिलेलं असतं, पण इंग्रजीतला तो लांबलचक मजकूर कुणी शेवटपर्यंत वाचत नाही. वाचा. उत्तर त्यातच असतं.

सोडवायचं असं: फाइल मॅनेजरमध्ये कॅमेऱ्याच्या नावापुढची बाहेर काढायची खूण दाबा. केबल मात्र काढू नका. खूण सापडत नसेल तर टर्मिनलमध्ये जीआयओ, जागा, माउंट, जागा, एक रेघ आणि एस, जागा, जीफोटो२. तरीही हटला नाही तर पीकिल (सलग), जागा, एक रेघ आणि एफ, जागा, जीफोटो२. हा शेवटचा आदेश नावात जीफोटो२ असलेले तुमचे सगळे प्रोग्राम बंद करतो, म्हणून फोटो उतरत असताना तो देऊ नका. जीव्हीएफएसचा पहारेकरी थोड्या वेळाने पुन्हा उभा राहू शकतो, तेव्हा लगेच आपला आदेश द्या. शॉटवेल अशा वेळी स्वतःच विचारतं, कॅमेरा अनमाउंट करू का, म्हणजे फाइल मॅनेजरच्या ताब्यातून सोडवू का, हो म्हणा.

एका वेळी एकच प्रोग्राम उघडा, हा नियम पाळलात तर बिझीचा संदेश फारसा दिसणारच नाही. शॉटवेल वापरायचं तर शॉटवेल, फाइल मॅनेजर वापरायचा तर तोच. मी स्वतः केबलवरून उतरवताना फक्त टर्मिनल वापरते, कारण काय बिघडलं ते तो शब्दांत सांगतो. खिडक्यांचे प्रोग्राम नुसते गप्प बसतात.

सुडो लावून चालतं आणि सुडोशिवाय चालत नाही, असं झालं तर प्रश्न परवानगीचा आहे. सुडो लावूनच काम उरकू नका. तसे उतरवलेले फोटो रूटच्या, म्हणजे संगणकाच्या मुख्य खात्याच्या, मालकीचे होतात आणि मग ते हलवताना, पुसताना अडचण येते. आजच्या लिनक्समध्ये यूएसबी कॅमेऱ्याची परवानगी त्या संगणकासमोर प्रत्यक्ष बसून लॉगिन केलेल्या माणसाला आपोआप मिळते. दुसऱ्या संगणकावरून एसएसएचने आत शिरलात तर ती मिळत नाही. जुन्या डेबियन-उबुंटूवर तुमचं खातं प्लगडेव्ह या गटात आहे का ते "ग्रूप्स" आदेशाने पाहा, नसेल तर घालून घ्या आणि पुन्हा लॉगिन करा.

कार्ड रीडरची वाट

दशावताराचे व्हिडिओ असतील तर केबलच्या नादी न लागता कार्ड रीडर घ्या, हे माझं स्पष्ट मत. पीटीपीवरून मोठ्या फाइली उतरवायला वेळ लागतो, तेवढा वेळ कॅमेऱ्याची बॅटरी जळते, आणि बॅटरी मध्येच संपली तर पुन्हा पहिल्यापासून. पण केबलचं ज्ञान टाकाऊ नाही. कार्डाच्या पट्ट्या खराब होऊन रीडर वाचत नसेल तर काही वेळा कॅमेरा तेच कार्ड वाचतो, आणि मग फोटो बाहेर काढायला केबलच कामाला येते.

रीडरमध्ये घालण्यापूर्वी एसडी कार्डाच्या कडेची छोटी खिट्टी "लॉक"कडे सरकवा. बहुतेक रीडर ती खूण मानतात आणि संगणकाला कार्डावर काही लिहू देत नाहीत. फोटो उतरवायला लिहिण्याची गरजच नाही, त्यामुळे चुकून काही पुसलं जाण्याची भीती जाते. कॅमेऱ्यात परत घालताना खिट्टी उघडायला विसरू नका.

रीडरमध्ये घातलेलं कार्ड एलएसबीएलकेच्या यादीत दिसलं पाहिजे. लॅपटॉपच्या अंगच्या खाचेत घातलं तर नाव बहुधा एमएमसी-पासून सुरू होतं, बाहेरच्या रीडरमध्ये एसडीए, एसडीबी असं काहीतरी. आकारावरून कार्ड ओळखा. यादीत आहे पण उघडत नाही आणि संदेशात "एक्सफॅट" शब्द आहे, तर कारण साधं आहे. ३२ जीबीपेक्षा मोठी एसडीएक्ससी कार्डं एक्सफॅट पद्धतीने फॉरमॅट केलेली असतात. मायक्रोसॉफ्टने या पद्धतीचा तपशील २०१९ मध्ये प्रसिद्ध केला, आणि २०२० मध्ये आलेल्या ५.७ कर्नलमध्ये तिचा चांगला ड्रायव्हर आला. तुमचा कर्नल कोणता ते यूनेम (सलग), जागा, एक रेघ आणि आर या आदेशाने कळतं. जुना असेल तर सुडो एपीटी इन्स्टॉल एक्सफॅट-फ्यूज. जुनी छोटी कार्डं फॅट३२ ची, ती कोणत्याही लिनक्सवर उघडतात. त्यांच्यावर एक फाइल ४ जीबीच्या वर जात नाही म्हणून कॅमेरा लांब नाटकाचे तुकडे करून ठेवतो. तुकडे पाहून व्हिडिओ बिघडला असं समजू नका.

"व्हॉल्यूम वॉज नॉट प्रॉपर्ली अनमाउंटेड" अशी ओळ आली तर कार्ड कधीतरी घाईने काढलंय एवढाच अर्थ. संदेश दुरुस्ती करायला सुचवतो. आधी फोटो उतरवून घ्या, दुरुस्ती नंतर.

"आय-ओ एरर", म्हणजे कार्ड वाचता-लिहिताच न येणं, मात्र गंभीर. कार्ड बाहेर काढा, सोनेरी पट्ट्या अल्कोहोलने पुसा, सुकू द्या, दुसऱ्या रीडरमध्ये घालून पाहा. पुन्हा तेच आलं तर त्या कार्डावरून एकेक फाइल ओढत बसू नका, प्रत्येक वाचनागणिक ते आणखी बिघडू शकतं. जीडीडीरेस्क्यू हे पॅकेज टाका आणि डीडीरेस्क्यूने पूर्ण कार्डाची एक प्रतिमा, म्हणजे हुबेहूब नक्कल असलेली फाइल, डिस्कवर उतरवा. सुडो, डीडीरेस्क्यू, मग कार्डाचं नाव, मग प्रतिमेच्या फाइलचं नाव, मग नोंदीच्या फाइलचं नाव, याच क्रमाने. कार्डाचं नाव लिहिण्यापूर्वी एलएसबीएलकेत ते पुन्हा तपासा. हा आदेश वाचता येणारं आधी वाचून घेतो आणि अवघड भागांकडे शेवटी वळतो. मग त्या प्रतिमेवर हरवलेले फोटो शोधणारं फोटोरेक चालवा. ते टेस्टडिस्क पॅकेजबरोबर येतं. चुकून फॉरमॅट केलेल्या कार्डावरूनही फोटोरेक पुष्कळ फोटो परत आणतं, पण एका अटीवर: त्या कार्डावर नंतर एकही नवा फोटो काढलेला नसावा.

उतरवून घेताना

प्रत्येक वेळी नवं फोल्डर करा, नावात तारीख आणि गावाचं नाव घाला. केबलवरून उतरवताना त्या फोल्डरमध्ये टर्मिनल उघडा आणि लिहा: जीफोटो२, जागा, दोन रेघा, गेट, एक रेघ, ऑल, एक रेघ, फाइल्स. सगळं त्या फोल्डरमध्ये येतं. जुन्याच फोल्डरमध्ये उतरवून, सारख्या नावाच्या फाइली वगळायला सांगणं धोक्याचं आहे. कॅमेऱ्याची मोजणी ९९९९ नंतर पुन्हा ०००१ वर येते, आणि मग सोनुर्लीच्या जत्रेतला आणि एखाद्या लग्नातला फोटो एकाच नावाचा असतो. वगळला गेला तर कुणाच्या लक्षातही येणार नाही.

कॉपी करा, कट करू नका. पावसाळ्यात आपल्याकडे वीज कधी जाईल सांगता येत नाही, आणि कट चालू असताना गेली तर काय कुठे राहिलं ते शोधत बसावं लागतं. डेस्कटॉपला यूपीएस नसेल तर वादळी पावसात हे काम लॅपटॉपवर, बॅटरी भरलेली असताना करा. उतरल्यावर कार्डावरच्या आणि फोल्डरमधल्या फाइलींची संख्या जुळवा. काही फोटो आणि प्रत्येक व्हिडिओचा शेवट उघडून बघा, नुसतं छोटं चित्र दिसलं म्हणजे फाइल पूर्ण आली असं नाही. मग दुसऱ्या डिस्कवर आणखी एक प्रत. एवढं झाल्यावरच कार्ड रिकामं करायचं, तेही कॅमेऱ्याच्या मेनूतून फॉरमॅट करून. संगणकावर फॉरमॅट केलेलं कार्ड कॅमेऱ्याला कधीकधी रुचत नाही.

जून ते सप्टेंबर कॅमेरा, कार्डं, रीडर आणि केबल हवाबंद डब्यात सिलिका जेलच्या पुड्यांसह ठेवा. रंग बदलणारं जेल घेतलं तर पुडी कधी बदलायची ते दिसतं. लेन्सला बुरशी लागू नये म्हणून लोक कॅमेरा जपतात, पण रीडर आणि केबल टेबलावर उघड्यावर पडलेली असते, आणि आधी गंजतात त्याच.

हे सगळं करूनही अडलं आणि कुणाला विचारायची वेळ आली, तर "कॅमेरा दिसत नाही" एवढंच सांगू नका. कॅमेऱ्याचं मॉडेल, एलएसयूएसबीतली त्याची ओळ किंवा ती आली नाही ही गोष्ट, केबल लावल्यावर कर्नलच्या नोंदवहीत आलेल्या शेवटच्या ओळी आणि जीफोटो२ चा संदेश जसाच्या तसा पाठवा. पडद्याचा मोबाइलवर काढलेला स्पष्ट फोटोही चालतो.